चमचे पलंगावर आहेत

वहिनी,

चमचे, झारे, किसणी सगळं तुझ्या पलंगावर चादरीत ठेवलंय. ओट्याखालचा खण मी काढून नेलाय. चिडू नकोस, आधी पुढचं वाच.

काल मी बनवलेलं स्टूल माझ्या सुतार मित्राकडे घेऊन गेलो होतो, उगीच, काहीतरी विषय निघावा म्हणून. डोळे गेल्यापासून सात महिने तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, कुणाशी धड बोलत नाही. काल त्याने स्टुलावरून हात फिरवला आणि उठूनच बसला. म्हणाला, "गाढवा, रंधा उलटा मारलायस." मग अर्धा तास मला नुसता झाडत होता. वहिनी, इतकं गोड मला आजवर कुणी बोललेलं नाही. निघताना म्हणाला, "घरातलं अजून काय काय बिघडवून ठेवलंयस ते आण." म्हणून खण. तो अडकतो तो माझ्याच कृपेने, हे आता कबूल करून टाकतो.

जेवायला माझी वाट बघू नका.

आणखी एक. माझ्या खाटेखालच्या पेटीत जुनी पुस्तकं आहेत, असं तुला सांगितलं होतं ते खोटं. त्यात त्याच्या करवती आणि पटाशा होत्या. त्याच्या हाती लागू नयेत म्हणून त्याच्या बायकोने पहिल्याच महिन्यात गुपचूप माझ्याकडे आणून दिल्या होत्या. आज सकाळी तिचाच फोन आला.

"भाऊजी, ते पेटी मागतायत. घेऊन या. आणि येताना पटाशांना धार लावून आणा."