नियंत्रण गट

प्रिय चिमणीस,

आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक आहे. हे वाक्य मी शिष्टाचार म्हणून नव्हे, तपासणीच्या आधारे लिहीत आहे.

तू नोकरी करतेस त्या व आमच्या अशा दोन दवाखान्यांनी मिळून चालविलेले मधुमेहाचे संशोधन काल समाप्त झाले. डॉक्टर, परिचारिका आणि आहारतज्ज्ञ बाई एकाच टेबलाशी बसले होते. त्यांनी आम्हा रुग्णांचे आभार मानले, चहा दिला, अर्थात बिनसाखरेचा. तेथेच मला कळले की ‘नियंत्रण गट’ म्हणजे साखर नियंत्रणात असलेल्यांचा गट नव्हे. ज्यांना नेहमीची औषधे तेवढी द्यावयाची आणि दर आठवड्याला फोनवर विचारपूस होणाऱ्या दुसऱ्या गटाशी ज्यांची तुलना करावयाची, असा तो गट. छापखान्यात खिळे जुळविताना हा शब्द मी असंख्य वेळा बिनचूक जुळविला; तरी शेजारच्या शिंप्याला वर्षभर ऐकवीत राहिलो की शिस्तीच्या माणसांनाच त्या गटात घेतात. तो दुसऱ्या गटात होता. “अहो काका, म्हणजे तुम्हाला कुणी विचारतच नव्हतं की!” असे म्हणून तो घरापर्यंत हसत आला. मीही थोडा हसलो.

परिचारिका तुझी फार स्तुती करीत होती. तुझ्याकडचे रुग्ण तुझ्या दर आठवड्याच्या फोनची वाट पाहतात. एक आजोबा तर केस विंचरून बसतात म्हणे. ऐकून मला अभिमान वाटला.

आरंभी तूच सांगितले होतेस, “बाबा, आता तुमच्या साखरेचं मी काही विचारायचं नाही, नियम आहे.” मी नियम मोडणारा नव्हे, आणि तू माझीच मुलगी. परंतु तुझी आई गेल्यापासून आपण दोघे दुसरे बोलत तरी काय होतो? उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, पायाला जखम नाही ना. तो विषय मिटल्यावर हवामान उरले. मग हवामानही संपले. फोन बिघडला असावा म्हणून मी तो शिंप्याकडून तपासून घेतला. बिघडला नव्हता.

तो नियम आता उठला, असे डॉक्टरांनी काल स्पष्ट सांगितले. म्हणून हे पत्र. आज सकाळी उपाशीपोटी साखर मोजली. आकडा येथे लिहिणार होतो. पण लिहिला, तर तुला विचारावयास काही उरणार नाही. सबब लिहीत नाही. संध्याकाळी मी घरीच असतो.

तुझाच,
बाबा