आज कुठला कचरा?

१ नोव्हेंबर, शनिवार
ठरलं. आजपासून घरातला कचरा माझ्याकडे. अनघाची जपानी भाषेची परीक्षा सात डिसेंबरला आहे. पास झाली तर स्टेशनजवळच्या पाळणाघरात नोकरी पक्की. गेल्या वर्षी थोडक्यात हुकली. सकाळचा तास तिला अभ्यासाला हवा, आणि नेमका तोच जळणारा कचरा, प्लास्टिक, बाटल्या वेगळं करून खाली नेण्यात जातो. म्हणालो, तू फक्त पुस्तक उघड. ती म्हणाली, वेळापत्रक फ्रिजवर लावलंय.
बघितलं. जळणारा मंगळवार-शुक्रवार, प्लास्टिक बुधवार. सगळं आठच्या आत खाली. छापील कागद! तोही टोकियोत!
मी याचं अ‍ॅप करणार.

२ नोव्हेंबर, रविवार
फ्लटर नावाची चीज आहे. एकदाच लिहायचं, आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीकडे चालतं. बँकेत तीच माहिती तीन-तीनदा भरणाऱ्या माणसाला याची किंमत कळते. प्रोग्रॅमिंग येत नाही, पण एक्सेलमध्ये माझा हात धरणारा अख्ख्या ब्रँचमध्ये कोणी नाही. एका वीकएंडचं काम. आमच्या ओजिमातल्या इमारतीत सात-आठ मराठी घरं आहेत, त्यांच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं. अंगठे आले. विनायकने नुसता हसरा चेहरा टाकला. जळतो.

३ नोव्हेंबर, सोमवार. सुट्टी.
दिवसभर डाउनलोड. यात 'डॉक्टर' नावाची कमांड असते, ती लॅपटॉप तपासते. लाल फुल्याच फुल्या. लॅपटॉपची तब्येत इतकी खालावलीय, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
कचरा राहिला. अपडेट चालू होतं, उठणार कसा? पिशवी बाल्कनीत. थंडी आहे, वास येत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
पहिलं अ‍ॅप चाललं!!! बटण दाबलं की आकडा वाढतो. (फ्लटरसोबत तयारच मिळतं, पण चालवलं मी.) ईश्वरीला दाखवलं. चार वेळा दाबून जपानीत म्हणाली, एवढंच का? आठ वर्षांच्या मुलीला पाया घालणं म्हणजे काय ते कळणार नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आज पिशव्या अनघाने नेल्या. बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती म्हणे. तिचा तास गेला. म्हणालो, हे शेवटचं. माझाही नाइलाज होता, अ‍ॅपचा रंग ठरत नव्हता. हिरवा की पोपटी?
पोपटी.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आयफोनचं अ‍ॅप बनवायला मॅक लागतो. हे आधी सांगायला नको? (सांगितलंय, पहिल्याच पानावर. पण पहिलं पान वाचतो कोण?) माझ्याकडे विंडोज. अनघाकडे आयफोन. म्हणजे जिच्यासाठी अ‍ॅप, तिच्याच फोनवर चालणार नाही. पण कचरा माझ्याकडे आहे. त्यामुळे बिघडलं काहीच नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी सात.
झालं! अ‍ॅप उघडलं की ठळक अक्षरांत: 'आज जळणारा कचरा'. आज मंगळवार. बरोब्बर! तारखेची ओळ इंटरनेटवरून जशीच्या तशी उचलली. जगात कुठेही चालते म्हणे. आकाश ठेंगणं झालं. ग्रुपवर अ‍ॅप टाकलं आणि लिहिलं, फ्रिजवरचे कागद काढा आता. आमचा काढलाच. अनघा म्हणाली, राहू दे रे. म्हणालो, जरा विश्वास ठेव नवऱ्यावर.
आजची पिशवी या गडबडीत राहिली.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी.
अ‍ॅप म्हणालं, जळणारा. ईश्वरी शाळेत जाता जाता म्हणाली, बाबा, आज प्लास्टिक. म्हणालो, मशीन चुकत नाही, माणूस चुकतो. खाली गेलो तर ग्रुपमधल्या चार-पाच घरांच्या पिशव्या आधीच हजर. ऊर भरून आला. माझे युझर्स!

त्याच दिवशी, संध्याकाळी
कचऱ्याच्या गाडीने आमच्या पिशव्यांना हात लावला नाही. नुसती 'चुकीचा दिवस' अशी लाल स्टिकरं चिकटवून गेली. मग कावळ्यांनी पिशव्या फोडल्या. केअरटेकर इनागाकी-सान आमच्या दारात. मी ऑफिसात. अनघा खाली गेली, सगळ्या घरांतर्फे कमरेत वाकून माफी मागितली, रस्ता झाडला. दिवस गेला तिचा.
आत्ता अ‍ॅप उघडलं. 'आज प्लास्टिक'. आता बरं कळतंय गाढवाला!

२० नोव्हेंबर, गुरुवार
खालच्या मजल्यावरच्या सत्यजितला दाखवलं. विद्यापीठात रिसर्च करतो. म्हणाला, काका, तुमची तारीख ग्रीनिचची आहे, आपण नऊ तास पुढे. सकाळी नऊपर्यंत तुम्हाला कालचाच वार दिसणार. म्हणजे गाडी येऊन गेली की मगच अ‍ॅप खरं बोलतं. म्हणालो, लंडनमध्ये हिट होईल. तो हसला नाही. एक शब्द खोडला की झालं म्हणे. पण अशी ठिगळं लावण्यापेक्षा नवीन व्हर्जनच काढेन.

२३ नोव्हेंबर, रविवार
अनघा रडली. पुस्तक उघडं होतं, त्यावरच डोकं ठेवून. म्हणाली, मला अ‍ॅप नको होतं रे, कोणीतरी पिशवी खाली न्यायला हवी होती.
वाईट वाटलं. खरंच वाटलं.
कागद रद्दीत सापडला. परत लावला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
कागद बघितला. पिशवी नेली. गाडीने घेतली. एवढंच असतं होय! नवीन व्हर्जन तूर्तास स्थगित.

७ डिसेंबर, रविवार
अनघा परीक्षेहून हसत आली. ऐकून उत्तर द्यायच्या भागात एक प्रश्न होता: एकाने चुकीच्या दिवशी कचरा टाकला, केअरटेकर रागावले, आता तो काय करेल? म्हणाली, अर्धं ऐकूनच खूण केली, सगळी इनागाकी-सानचीच वाक्यं. मी म्हणालो, बघ! शेवटी माझं अ‍ॅपच कामी आलं ना? आणि उत्तर काय होतं? म्हणाली, माफी मागेल आणि पिशवी घरी नेईल. फक्त त्यातला माणूस माफी मागायला स्वतः जातो.
उद्या इनागाकी-सानकडे जाऊन येतो. काय म्हणायचं ते अनघाने लिहून दिलंय. कागदावर.