म्हाताऱ्याचे बूट

१२ जानेवारी १९४२, रझेव्हच्या पश्चिमेला

दोघांनी बखोट धरून मला घसरगाडीवरून उतरवलं, तेव्हा पाय असल्याचंच कळत नव्हतं. कॉर्पोरल तामकेने हसत हसत माझे बूट ओढून काढले. तळाच्या खिळ्यांतून गारठा आत शिरतो, म्हणाला. मग खुंटीवरचे जाड लोकरी बूट फेकले. "घाल, वीगांड मास्तर! घरमालकाची भेट. माझ्या रेड्याच्या पायांत शिरत नाहीत." मला ते बेतून शिवल्यासारखे बसले. घरात भिंतीएवढी मातीची भट्टी आहे, वर झोपायला ओटा. आमची जर्मन डिव्हिजन मॉस्कोच्या वेशीवरून मागे हटलेली, तरी सगळे खुशीत. मीही. वडिलांनंतर गावच्या चर्चमधला ऑर्गन मलाच वाजवायचा आहे. त्याला पायही लागतात.

१४ जानेवारी

घरमालक कुठे, असं तामकेला विचारलं. घरं सैनिकांना, असा डिव्हिजनचा हुकूम होता. म्हातारा आणि त्याची नात जंगलाकडे गेली. निघताना उंबऱ्यात तामकेने त्याचे बूट मागितले. म्हाताऱ्याने ते काढून नीट जोडीने ठेवले, टोकं बाहेरच्या बाजूला. "परत आल्यावर शोधायला नकोत म्हणून!" तामके म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

१७ जानेवारी

भट्टीवर वाळत घातलेले बूट सकाळी उंबऱ्यात. जोडीने. टोकं बाहेर. तामकेची थट्टा असणार. त्याने आईची शपथ घेतली.

१९ जानेवारी

काल बूट उशाखाली घेऊन झोपलो. सकाळी उंबऱ्यात. आत बर्फ भरलेला, तळ मात्र उबदार. कुणी नुकतेच काढून ठेवल्यासारखा.

२१ जानेवारी

कालपासून माझे जुने बूट घालतोय. आज दोन बोटं पांढरी पडली. दवाखान्यातला माणूस म्हणाला, आणखी एक दिवस असेच घातलेस तर करवत आणतो.

लोकरी बूट पुन्हा घातले. काय करणार?

२३ जानेवारी

बूट निघत नाहीत. तामकेने ओढले, मग तिघांनी मिळून. "बायको करून घेतलीस की काय त्यांना?" म्हणाला. कुणी हसलं नाही.

पाय दुखत नाहीत. आत माझ्या बोटांना लागून आणखी बोटं आहेत. गार.

२४ जानेवारी

दिवस मावळला. दाराला आतून कडी होती. आता नाही—

तामकेला हाक मारली. तो वर बघतच नाही—

मी बसलोय. एका हाताने टेबल घट्ट धरलंय. पाय मात्र

(खाली दुसऱ्या हस्ताक्षरात)

२५ जानेवारी. सकाळी वीगांड जागेवर नव्हता. दारातून जंगलाकडे गेलेली पावलं अनवाणी होती, ओढ्यापाशी संपली. बूट उंबऱ्यात होते, कोरडे. मला आता बरोबर बसतात. — तामके