अनुदानाचा संकल्प

दुर्गाघाट, काशी
वैशाख, १९९९

तीर्थस्वरूप सौ. शरदिनीताईस,

धाकट्या ढुंढीचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच. प्रत्यक्षात गुडघे वाकत नाहीत.) भाऊजींचा दमा आणि तुझा राग, दोन्ही उतारावर असतील असे समजून लिहितो. देवव्रताने तुझ्यापुढे विश्वजीतचे नाव काढले आणि त्याच्याबरोबरच जन्म काढणार असे सांगितले, तेव्हापासून तू त्याला ओळही धाडली नाहीस. म्हणून लेकाची हकीकत आता मामाच्या हातून वाच.

या दोघांचे आणि त्यांच्यासारख्याच, पुरुषांवर जीव जडलेल्या पोरांचे एक मंडळ माझ्या बाहेरच्या खोलीत भरते. एड्सची माहिती सांगतात, आजाऱ्याला दवाखान्यात नेतात, घरच्यांनी हाकललेल्याला जेवू घालतात (माझ्या डब्यातला चिवडा त्यातच संपतो). अशा कामाला सरकार अनुदान देते, पण नियम असा की काम विवाहित जोडप्यांतच हवे. पोरांनी शहरातल्या लहानसहान संस्था गोळा केल्या आणि नियम बदला म्हणून लखनौच्या मागे हात धुऊन लागली. शेवटी तिथले एक साहेब पाहणीला यायचे ठरले.

नेमके त्याच सकाळी माझ्याकडे लखनौचे एक यजमान गंगापूजनाला यायचे होते. आता तूच सांग, लखनौचा एक गृहस्थ घामाघूम होऊन, गल्ल्या विचारत दारात उभा राहिला तर मी काय समजावे? पाटावर बसवले, गोत्र विचारले, तळहातावर पाणी घातले. तेही बिचारे बसले. मंडळाची स्वागताची हीच रीत असावी असे त्यांना वाटले. कामना विचारली तर म्हणाले, "जी, अनुदान के सिलसिले में आया हूँ." मला नवल वाटले नाही. लोक मुलगा मागतात, बदली मागतात, एकाने तर सासूचे मौन मागितले होते. मी खणखणीत आवाजात अनुदान निर्विघ्न मिळण्याचा संकल्प सांगितला, साहेबांनी ताम्हनात पाणी सोडले आणि त्याच क्षणी देवव्रत आत आला. त्याचा चेहरा असा पांढराफटक पडला की पाटावरचे हे यजमान खरे कोण, ते ओळखायला मला वेळ लागला नाही.

सगळे बुडाले असे वाटले. पण साहेब हात पुसून ऐकायला बसले आणि पोरे दुपारभर आपली बाजू मांडत राहिली. विश्वजीत मुळात अबोल. तो एवढेच म्हणाला, "साहब, बीमारी शादी का कार्ड नहीं देखती." निघताना साहेब मला म्हणाले, "पंडितजी, नियम गलत है, यह तो समझ गया. लिखने की हिम्मत नहीं थी. अब पानी छोड़ चुका हूँ."

गेल्या आठवड्यात ती अट गेली. पुढचे नियम ठरवणाऱ्या समितीवर देवव्रतही आहे. काम सगळे पोरांचे, पण घाटावर बोलबाला माझा. कालच दोन मास्तर पगारवाढीचा संकल्प सोडायला आले होते.

बातमी आली तेव्हा सगळे नाचत होते. देवव्रत मात्र माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मामा, आईला कळवू का?" आणि मग आपणच म्हणाला, "नको, राहू दे." ताई, मला ते ऐकवले नाही.

जमेल तेवढा आज्ञाधारक,
ढुंढी

ता. क. : फाल्गुनात मला टायफॉइड झाला होता, ते तुला कळवले नव्हते. विश्वजीत नोकरीवर रजा टाकून उशाशी बसून होता. पेजसुद्धा त्यानेच भरवली. तो मला फार आवडतो.

आणखी ता. क. : खरे काम लिहायचेच राहिले. यंदा ज्येष्ठ अधिक आहे. तुला मुलगी नाही, म्हणून धोंड्याच्या महिन्यात तुझ्या हातून जावयाला अनारशांचे वाण कधी गेले नाही. यंदा तांदूळ भिजत घाल. वाण विश्वजीतला द्यायचे. टपालाने पाठवू नकोस, चुरा होतो. दोघांनाच घरी बोलाव.