डॉक्टरांची नात

आबा,

परवा मलकापुरात एका हॉलच्या दाराशी तुमचा फोटो लावला होता. फौजेच्या गणवेशातला, छाती पुढं काढलेला. दहा फुटी फ्लेक्सवर सगळ्यांत वर तुम्ही, खाली पदवीच्या काळ्या झग्यात माझी मुलगी, तिच्या कडेवर दोन वर्षांचा मुलगा, शेजारी जावई, आणि पार तळाला शुभेच्छुक म्हणून भावकीतले गॉगल घातलेले झाडून सगळे. मधोमध लाल अक्षरांत ‘डॉक्टरांची नात झाली डॉक्टर’. लोक थांबून वाचत होते, माना डोलावत होते. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी गावानं तुम्हाला डॉक्टरच ठेवलंय.

तुम्ही डॉक्टर नव्हता. फौजेत दवाखान्याच्या भांडारावर पहाऱ्याला होता. दारातून आत बघत बघत इंजेक्शन द्यायला शिकलात आणि सुटून येताना एक स्टीलचा डबा, दोन काचेच्या सिरिंज आणि अफाट आत्मविश्वास घेऊन आलात. तेवढ्यावर आमच्या ओसरीत वीस वर्षं दवाखाना चालला. आई स्टोव्हवरचं कालवण उतरवून ठेवते आहे आणि त्याच स्टोव्हवर तुमचा डबा खदखदतो आहे, हे चित्र मला अजून दिसतं. पेशंटला काय होतंय हे तुम्ही फारसं विचारत नसा. विचारून उपयोगही नव्हता, कारण औषध दोन-तीनच प्रकारचं असायचं आणि कुठलं द्यायचं हे त्या दिवशी काय शिल्लक आहे यावर ठरायचं. कराडला खरे डॉक्टर होते, एसटीनं पाऊण तासावर. त्यांना तुम्ही ‘पुस्तकी’ म्हणायचात, आणि ओसरीतली माणसं हसायची.

माझी धाकटी बहीण तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचा ताप उतरत नव्हता. आई दोनदा म्हणाली, “आवं, कराडला न्हेऊया.” तुम्ही म्हणालात, “डॉक्टरच्या घरातलं पोर दुसऱ्याच्या दारात? लोक काय म्हणतील?” मग रबरी बुचाच्या बाटलीतली पांढरी पूड पाण्यात खळखळवून रोज एक, असं तुम्ही तिला महिनाभर टोचत राहिलात. ताप गेला. मग ती अंगणात चालताना झोकांड्या खायला लागली आणि हाक मारली तर वळेना. एका सकाळी तुम्ही तिला पाणी आणायला सांगितलं, ती तशीच बसून राहिली. तुम्ही तिच्या पाठीत धपाटा घातलात. “काम सांगितलं की हिला ऐकू येत न्हाई. लय नाटकी हाय.” वर्षभर तुम्ही त्याला नाटक म्हणत होता. नंतर म्हणायला लागलात, देवाची मर्जी.

मी वर्तमानपत्रात लागलो. एकदा आरोग्याच्या पुरवणीसाठी सांगलीतल्या एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. उठता उठता, दुसऱ्या कुणाचं तरी म्हणून, त्या पांढऱ्या पुडीचं विचारलं. त्यांनी औषधाचं नाव सांगितलं आणि म्हणाले, “क्षयावरचं औषध ते. ऐकणं जातं, तोलही जातो. कुणी दिलं हो?” मी म्हणालो, गावाकडच्या एकानं. ऑफिसात येऊन कान कसे स्वच्छ ठेवावेत यावर आठशे शब्द लिहिले आणि वेळेत दिले. तुम्ही तेव्हा जिवंत होता. रविवारी तो लेख तुम्ही ओसरीत चारचौघांना वाचून दाखवलात.

परवाचा समारंभ निरोपाचाही होता. मुलीला पुढं शिकायला रायपूरला जागा मिळाली आहे, आणि जावयानं तिच्यासाठी कुपवाडची नोकरी सोडली. माझा चुलतभाऊ माइकवरून म्हणाला, “आमचं जावई आता रायपूरला बायकोची पिशवी धरणार.” जावई खालूनच म्हणाला, “पिशवी तिची ती धरंल. मी पोरगं धरणार.” बायका पोट धरून हसल्या. मग शाल, श्रीफळ, फेटे. ज्यांनी आयुष्यात एक गोळी वेळेवर घेतली नसेल, ते रुग्णसेवेवर बोलले. आणि शेवटी चुलतभावानं तुमचा तो डबा काढला, घासूनपुसून, हार घालून. “आजोबांचा वारसा,” म्हणत त्यानं तो मुलीच्या हातात दिला.

टाळ्या चालू असतानाच तिनं डबा उघडला. आत सिरिंज होत्या, गंजलेल्या सुया होत्या आणि रबरी बुचाची एक रिकामी बाटली. तिनं बाटली उजेडाकडं धरून तिच्यावर चिकटवलेली औषधाची चिठ्ठी वाचली. मग पहिल्या रांगेत बसलेल्या आत्याकडं बघितलं. धाकटी ओठांकडं बघून बोलणं समजून घेते; एवढ्या गर्दीत तिला काही समजत नव्हतं, ती सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. मुलगी स्टेजवरून उतरून माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, “बाबा, आत्याला आजोबांनी काय दिलं होतं?” मी म्हणालो, “मला काय माहीत? लहान होतो मी.” चोरून पिणारा पेशंट ‘पीत नाही’ म्हणतो तेव्हा डॉक्टर बघतात, तशी ती माझ्याकडं बघत राहिली.

धाकटीनं उठून येऊन मुलीच्या हातातला डबा ओढून घेतला. सुया, सिरिंज, बाटली, सगळं जवळच्या रिकाम्या पत्रावळीवर ओतलं आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाली, “ह्ये टाकून दे. डबा चांगला हाय. पोराला खाऊ दे त्यात.” सगळा हॉल हसला. तिला किती माहीत आहे, मला माहीत नाही. मी कधी विचारलेलं नाही.

काल त्यांचा टेम्पो गेला. मुलीनं निघताना वाकून नमस्कार केला, नातवाला माझ्या गालाशी धरलं, आणि त्या बाटलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. ती बाटली तिनं पत्रावळीवरून उचलून पर्समध्ये ठेवलेली मी पाहिली होती. हे सगळं खरं तर तिलाच लिहायला हवं. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही उलट प्रश्न विचारणार नाही.

एक राहिलं. समारंभाआधी चुलतभावाचा फोन आला होता, “दादा, तुमी पेपरवाले. फ्लेक्सला एक झक्कास ओळ द्या, प्रेसवाला थांबलाय.” मी दोन मिनिटांत दिली. ‘डॉक्टरांची नात झाली डॉक्टर’ ही ओळ माझी आहे, आबा. हॉलच्या दाराशी लोक ती वाचून माना डोलावत होते, तेव्हा मला बरं वाटलं होतं.