वजन सरळ खाली जातं

४ जुलै
नव्या विभागप्रमुख बाई म्हणजे माझीच एकेकाळची विद्यार्थिनी. केबिनमध्ये बोलावलं. सर, बसा म्हणाली, आणि मी बसल्यावर स्वतः उभी राहिली. लक्षण वाईट.

म्हणाली, तुम्ही स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स इतकी वर्षं शिकवता, पण असममित वाकण्याचं प्रकरण दर वर्षी गाळता. मुलं तक्रार करतात.

गाळतो! कारण ते थोतांड आहे. तुळईवर वजन टाकलं की तुळई खाली वाकते. ती आय आकाराची असो, एल आकाराची असो, नाहीतर या बाईच्या स्वभावासारखी वाकडीतिकडी असो. वजन खाली ओढतंय तर ती बाजूला कशाला जाईल? वजन काय पार्किंग शोधत फिरतं?

(हे वाक्य चांगलं जमलंय. भाषणात वापरायचं.)

बाईंनी फर्मावलं : अठरा तारखेला त्याच प्रकरणावर सगळ्यांसमोर तास घ्या. जमला नाही तर विषय मेहुण्याकडे. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला या कॉलेजात मीच चिकटवला. सापाला दूध!

संकल्प : प्रकरण वाचायचं नाही. ज्याचं खंडन करायचं ते वाचलं की मन दुबळं होतं.

७ जुलै
घरातही बंड. स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी स्वतः अ‍ॅल्युमिनियमची एल आकाराची पट्टी बसवली आहे. तिच्या आकड्यांना हिची भांडी. ही म्हणते, भांडी टांगली की पट्टी मधोमध खिडकीकडे सरकते आणि मोठी कढई काचेला लागते.

जाऊन पाहिलं. कढई काचेला लागली होती. सगळी भांडी काढली. पट्टी पुन्हा सरळ! म्हणजे धातू निर्दोष. गुन्हेगार माणूस आहे.

हिला स्पष्ट सांगितलं, टांगताना तू ढकलतेस.

म्हणाली, हो तर! मला दुसरा धंदाच नाही. सकाळी उठते, तोंड धुते आणि कढई ढकलत बसते.

कबुली नोंदवून ठेवली.

१० जुलै
मेहुणा आला. ताईने बोलावलं म्हणे. पट्टीकडे बघून हसला. म्हणाला, दाजी, एलला दोन पाय, पण तोल एकीकडे. त्याचे खरे अक्ष तिरके असतात, त्यातल्या एका बाजूने तो कमजोर. तुम्ही वजन सरळ टांगा, तो आपल्या कमजोर बाजूला झुकणार. खाली जाईल आणि शेजारीही जाईल. चौकोनी पाइप लावा, काम झालं.

मी विचारलं, अक्ष तिरके कुणी केले? ते पट्टीवर दिसतात का?

म्हणाला, दिसत नाहीत, काढावे लागतात.

म्हणजे भूत! इंजिनिअरिंग कॉलेजात भुताटकी शिकवणार, आणि पगार घेणार! मी उभं राहून त्याला विज्ञान, विवेक आणि कृतघ्नता या तीन विषयांवर ऐकवलं. तो चहा पीत होता. ही त्याला दुसरा कप देत होती. मला पहिलाही मिळाला नव्हता.

आता चित्र स्वच्छ झालं. बहीण घरात कढई ढकलते, भाऊ कॉलेजात त्याचा सिद्धांत करतो. कट आहे.

१२ जुलै
कटाचा आरोप हिच्या तोंडावर केला. सत्य बोलताना मी नातं बघत नाही.

हिने पिशवी भरली. दारात चपला घालताना म्हणाली, अहो, मी भावाकडे जाते. माझ्यामागे कढई काचेला लागली तर फोन करा. त्याच दिवशी येईन. नाही लागली तर तुमचं खरं, मग मी तिकडेच बरी.

उत्तम. असा निःपक्षपाती प्रयोग शास्त्रज्ञांनासुद्धा मिळत नाही.

१४ जुलै
पट्टी बाणासारखी सरळ. विजय!

(भांडी अजून टांगलेली नाहीत. ओट्यावर पडली आहेत. वेळ होत नाही.)

१६ जुलै
पट्टी सरळ. बाहेर जेवलो. पोट बिघडलं. कटाचाच भाग असणार.

भाषणाची तालीम आरशासमोर. आवाज असा लागला की शेजारच्यांनी भिंत ठोकली. जनता जागी होते आहे.

१८ जुलै
लिहायची इच्छा नाही. तरी सत्यासाठी लिहितो.

वर्ग गच्च. माझं भाषण अप्रतिम. पार्किंगच्या वाक्याला टाळ्या. एल पट्टीचं एक टोक शिकंज्यात आवळलं, दुसऱ्या टोकाला वजन अडकवायचं होतं. तेवढ्यात सुचलं आणि प्रमुख बाईंच्या हातातला चहाचा कप मागून घेतला. पट्टीच्या मोकळ्या टोकाशेजारी, बोटभर अंतरावर, स्टुलावर ठेवला. म्हटलं, हा कप जिथे आहे तिथेच राहील. माझा शब्द!

वजन सोडलं. पट्टी खाली गेली. जाता जाता शेजारीही गेली. कप बाईंच्या चपलांवर.

मी ताबडतोब पंखा बंद करायला लावला. पुन्हा तेच. मग जमीन कलती असल्याचं निदान केलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, अंगण वाकडं! वर्ग हसला.

मेहुणा उठला. म्हणाला, दाजी, पट्टीचा आडवा पाय दुसऱ्या बाजूला करून लावा, आता ती इकडे येईल. हवेत बोट धरून उभा राहिला. मी लावली. पट्टी निमूटपणे त्याच्या बोटाला येऊन टेकली. पाळीव कुत्र्यासारखी!

सिद्ध झालं की जमीन दोन्हीकडे कलती आहे. बाईंना तसं सांगितलं. त्या चपला पुसत होत्या. म्हणाल्या, सर, सोमवारपासून विषय त्यांच्याकडे.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. खोटं. वासे आधी फिरतात.

२० जुलै
बाहेरचं जेवण आता जात नाही. भांडी टांगावीच लागली. एकेक अलगद, दोन बोटांनी, श्वास रोखून. मोठी कढई सगळ्यात शेवटी. खिडक्या बंद, दार बंद, घरात मी एकटा.

मग ओट्याला टेकून तिच्याकडे बघितलं. बराच वेळ.

पुस्तक काढलं. त्या प्रकरणाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. सुरीने सोडवली. पहिल्याच पानावर एलचं चित्र, आत दोन तिरक्या रेषा.

फोन लावला. मेहुण्याने उचलला. मी विचारलं, ते तिरके अक्ष काढायचे कसे?

तो म्हणाला, दाजी, ताईला देऊ का?

म्हटलं, नको. आधी अक्ष सांग.

मागून हिचा आवाज आला : त्यांना विचार, कढई काचेला लागली का?

म्हटलं, लागली.