बारीक पायांची अक्षरं

४ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद नेहमीचेच, राग मात्र आज खास तुझ्यासाठी राखून ठेवलाय.

अण्णा उठून बसायला लागले, असं वहिनीनं कळवलं. जीव भांड्यात पडला. पण सोबत तिनं औषधाच्या बाटलीचा फोटो पाठवला, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. फोनवर मी ओरडेन आणि तू ठेवून देशील, म्हणून लिहिते. पत्र अर्ध्यात ठेवलंस तरी ते तिथेच राहतं.

नवं औषध जुन्याच्या चौपट कडक. लेबलावर लिहिलंय, अर्धा चमचा. अण्णांनी जुन्या सवयीनं दोन चमचे घेतले आणि जिन्यात कोसळले. का? तर त्या लेबलावर माझी अक्षरं आहेत, मी घडवलेला फॉन्ट! चार वर्षं खपून काढलेली, पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी, आमंत्रणपत्रिकेसाठी, अत्तराच्या खोक्यासाठी. जाड रेघेतून केसाएवढी बारीक रेघ निघते, टोकाला नाजूक पाय फुटतात. बोटभर उंच असली तरच ती शोभतात. तू ती मुंगीएवढी करून बाटलीवर छापलीस! बारीक रेघा छपाईत उडाल्या, उरल्या नुसत्या उभ्या काड्या. औषध कंपनीच्या साहेबांना काहीतरी सुबक हवं होतं म्हणून? तुझ्या छापखान्यात कुणालाच डोळे नाहीत का रे?

ती लेबलं परत मागव. एकूण एक.

लोभ असावा, असं शेवटी लिहायचं असतं. असेलही, पण आज मागू नकोस.
ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न. वाकून करायचा असतो, पण दवाखान्याच्या बाकावर चार दिवस काढून कंबर मोडलीय. उभ्यानंच घे.

लेबलं तुझं पत्र यायच्या आधीच परत मागवली. कंपनीनं काम काढून घेतलं, ते माझं मी बघीन. पण सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस. मार्चमध्ये मी तुला नमुना पाठवला होता. तू तो संगणकावर खिडकीएवढा करून पाहिलास, आणि कळवलंस की कोपऱ्यातल्या दोन अक्षरांत जागा जास्त पडलीय. बाटली केवढी, हे विचारलंस? मला आपलं वाटलं, बहिणीची अक्षरं घराघरांत जातील. माझी हौस नडली.

आणि अण्णा तुला काय म्हणाले होते, आठवतं? की बारीक छपाईसाठी याच अक्षरांचा एक ठोसर भाऊ काढ, रेघा जाड, पोटं मोकळी. तू म्हणालीस, माझ्या हरणाला मी म्हशीचे पाय लावणार नाही.

एक गोष्ट सांगणार नव्हतो. ती जुनी सवय वगैरे काही नव्हती. हिनं त्यांना विचारलं होतं, वाचता येतंय ना, भिंग देऊ का? त्यावर म्हणाले, माझ्या लेकीचं अक्षर वाचायला मला भिंग लागत नाही. शुद्धीवर आल्यावर मला हळूच म्हणाले, एकही अक्षर लागत नव्हतं रे, पण तिला बोलू नकोस.

बोललो. माझा राग मी तरी कुठे काढायचा?

तुझा लोभ उतू गेलाच, तर थोडा इकडेही येऊ दे.
धाकटा

३ जुलै

ती. अण्णांस,
शि. सा. न. नमस्कार खरा आहे, आणि पुढचा रागही खरा आहे.

चाळीस वर्षं तुम्ही छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेत. झिजलेला एक खिळा दिसला, तर छपाई थांबवून मालकाशी भांडायचात. मग माझ्याच अक्षरापुढे तुमची जीभ का अडली? न वाचता अंदाजानं औषध घेतलंत! असली माया मला नको. वाचता येत नाही म्हणाला असतात, तर मी चार दिवस फुगून बसले असते. फुगणारी मुलगी परवडते, अण्णा.

धाकट्यावर ओरडले, मग आरशासमोर स्वतःवर ओरडले. मग कामाला बसले. सोबतच्या कागदावर लेबलाचाच मजकूर आहे, बाटलीवर होता त्याच आकारात. सात ओळी, प्रत्येक आधीच्यापेक्षा जाड. भिंग न घेता वाचा आणि खरं लिहा. खोटं लिहिलंत तर मी पुन्हा एकही अक्षर काढणार नाही.

तुमच्या मायेची खात्री आहे. मला मत हवंय.
ताई

९ जुलै

चि. मोठीस,
आशीर्वाद. ते भिंगाशिवाय लिहितोय, ओळ वाकडी गेली तर बोलू नकोस.

कागद खिडकीशी धरून पाहिला. पहिल्या तीन ओळी म्हणजे कोरा कागद. चौथीचे पाय मोडलेत. सहावीची पोटं बुजली, आणि सातवी म्हैस आहे, तेवढं तुझं खरं होतं. पाचवी वाचता आली. पण तिच्यातसुद्धा 'अर्धा' दाखवणाऱ्या आकड्यांमधली तिरकी रेघ दिसेना. जिथे माणूस मरतो तिथेच तू नाजूकपणा केलास! हे चालायचं नाही. परत काढ.

धाकट्यानं चहाडी केली, म्हणून त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तोच छापखान्यातून लेबलाचा कागद घेऊन आला. पुढचा नमुना त्याच्यावर छापायचा, म्हणाला. तू त्याला पत्र टाक.

सूनबाई हल्ली औषध चमच्यात ओतून माझ्या तोंडाशी धरते. बाटली कपाटात, किल्ली तिच्या कमरेला. मला मुळीच आवडत नाही. तेव्हा हात चालव. माझं औषध माझं मला वाचून घ्यायचंय.

माया लिहून जागा अडवत नाही.
अण्णा